संगणकाच्या डिस्कांचे क्रमांक : एक नामविचार

१. प्रास्ताविक

आपल्या विभागात बोलीभाषांच्या ध्वनिमुद्रणांचा जो संग्रह आहे, त्याचा काही भाग तीन वर्षांपूर्वी कायमचा नष्ट झाला. ही हानी आगीने झाली नाही, पाण्याने झाली नाही आणि यंत्र बिघडल्यानेही झाली नाही. ती प्रस्तुत लेखकाच्या हातून झाली, आणि तिचे कारण एका अंकाच्या अर्थाविषयीचा गैरसमज हे होते.

घडले ते थोडक्यात असे. एकाच बनावटीच्या व एकाच आकाराच्या दोन बाह्य हार्ड डिस्क विभागातील संगणकास जोडलेल्या होत्या. एकीवर मालवणी बोलीची ध्वनिमुद्रणे होती. दुसरी कोरी असून तिच्यावर ह्या ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत करावयाची होती. संगणकाने दिलेल्या यादीत कोरी डिस्क 'डिस्क २' ह्या क्रमांकाने दिसत होती. ती ध्वनिमुद्रणांच्या डिस्कशी गोंधळू नये म्हणून मी तो क्रमांक कागदावर टिपून ठेवला. दुपारी काही कारणाने संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागला आणि दोन्ही डिस्क काढून पुन्हा जोडाव्या लागल्या. त्यानंतर मी कागद पाहून 'डिस्क २' निवडली, ती पुसण्याची आज्ञा दिली आणि रात्रभर चालणारे संपूर्ण फॉर्मॅट सुरू करून घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो, तो कोरी डिस्क कोरीच होती आणि दुसरीही कोरी झाली होती. काही मुद्रणांच्या प्रती विद्यार्थ्यांपाशी होत्या, त्या परत मिळाल्या. ज्यांच्या प्रती नव्हत्या, त्यांत एका वृद्ध निवेदक बाईंचे दीर्घ कथन होते. त्या बाई तत्पूर्वीच निवर्तल्या होत्या.

क्रमांक टिपून घेण्यात मी सावधगिरीच दाखविली होती. परंतु जे टिपले ते नाव नव्हते. यंत्राच्या दृष्टीने 'डिस्क २' ह्याचा अर्थ 'ह्या घटकेस यादीत जी त्या स्थानी आहे ती' एवढाच होता. मी मात्र ते विशेषनाम समजलो. म्हणून हा प्रश्न यंत्रविद्येचा जितका आहे, तितकाच अर्थविचाराचाही आहे, आणि त्याची चर्चा भाषाशास्त्राच्या पत्रिकेत करणे अप्रस्तुत ठरू नये. आज भाषेच्या प्रत्येक अभ्यासकाची सामग्री ह्याच डिस्कांवर साठविलेली असते, हे दुसरे कारण.

२. क्रमांक कशाकशाला?

पहिली अडचण अशी की, संगणकात क्रमांकित होणाऱ्या वस्तू एकाच जातीच्या नाहीत. निदान चार पातळ्या वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिली पातळी म्हणजे प्रत्यक्ष वस्तू : हातात धरता येते ती डिस्क. दुसरी पातळी पार्टिशनची, म्हणजे त्या डिस्कवर आखलेल्या विभागांची; एका वाड्याच्या भिंती घालून चार बिऱ्हाडे करावीत, तसे हे विभाग होत. तिसरी पातळी व्हॉल्यूमची. विभागावर फायली मांडण्याची व्यवस्था केली, म्हणजे तो फॉर्मॅट केला, की त्यास व्हॉल्यूम म्हणतात. बहुधा एका विभागावर एक व्हॉल्यूम असते, पण एकच व्हॉल्यूम अनेक डिस्कांवर पसरलेले असणेही शक्य आहे. चौथी पातळी अक्षराची : विंडोज वापरणाऱ्यांस परिचित असलेली 'सी', 'डी', 'ई' ही अक्षरे.

ह्यांतील प्रत्येक पातळीची मोजणी स्वतंत्र आहे. विंडोजमधील 'डिस्कपार्ट' ह्या उपकरणास डिस्कांची यादी मागितली असता ती ० पासून सुरू होते. एखादी डिस्क निवडून तिच्या विभागांची यादी मागितली, तर ती १ पासून सुरू होते. व्हॉल्यूमांची यादी पुन्हा ० पासून सुरू होते. आणि ती एका डिस्कपुरती नसून संगणकास जोडलेल्या सर्व डिस्कांमधून सलग जाते. येणेप्रमाणे 'डिस्क १', 'पार्टिशन १' आणि 'व्हॉल्यूम १' ह्या तीन पदांतील '१' हा अंक दिसावयास एकच असला, तरी त्यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. भिन्न शब्दांचे रूप योगायोगाने एकच असावे तसे हे आहे.

ह्यात परिभाषेच्या शिथिलतेची भर पडते. विंडोजच्या नित्य व्यवहारात 'ड्राइव्ह' हा शब्द अक्षराशी निगडित आहे; 'डी ड्राइव्ह' असे आपण सर्रास म्हणतो. परंतु विंडोज १० ची स्थापना करताना जो पडदा दिसतो, त्यावर 'ड्राइव्ह ० पार्टिशन १' अशी भाषा आढळते. तेथे 'ड्राइव्ह' म्हणजे प्रत्यक्ष डिस्क. त्याच प्रणालीतील डिस्क-व्यवस्थापनाच्या खिडकीत त्याच वस्तूस 'डिस्क ०' म्हटले जाते. एका संज्ञेचे दोन अर्थ आणि एका अर्थास दोन संज्ञा, असे दुहेरी वैगुण्य येथे एकाच घरात नांदते.

३. शून्य की एक?

दुसरी अडचण मोजणीच्या आरंभाची. पहिल्या वस्तूस ० म्हणावे की १, ह्याविषयी संगणकाच्या जगात एकवाक्यता नाही. शून्यापासून आरंभ करण्याचा पुरस्कार एड्स्गर डाइकस्ट्रा ह्यांनी १९८२ च्या एका टिपणात केला, तो प्रसिद्ध आहे. परंतु ही प्रथा त्याहून जुनी असून तिचे मूळ, क्रमांक म्हणजे आरंभापासूनचे अंतर, ह्या कल्पनेत आहे. पहिली वस्तू आरंभापासून शून्य अंतरावर असते, म्हणून तिचा क्रमांक शून्य.

ही कल्पना आपणांस अगदीच परकी आहे असे नाही. मुंबईच्या इमारतीत तळमजल्यानंतर जो येतो, तो 'पहिला मजला'. म्हणजे जिना चढून पार केलेले मजले आपण मोजतो. अमेरिकेत तळमजल्यासच पहिला मजला म्हणतात. मुलाचे वय चार वर्षे पूर्ण असते, तेव्हा त्यास 'पाचवे लागले' असे आपण म्हणतो; येथे गणनावाचक चार आणि क्रमवाचक पाच हे एकाच घटकेस खरे असतात. कोरीव लेखांच्या अभ्यासकांस तर हा भेद पदोपदी भेटतो : लेखातील शकवर्ष गत आहे की वर्तमान, ह्याचा निर्णय केल्याशिवाय तिथी-वार जुळत नाहीत, आणि निर्णय चुकला तर एका वर्षाचे अंतर पडते. डिस्कच्या क्रमांकातील एकाचे अंतर ह्याच जातीचे आहे. भेद इतकाच की, लेखाची मिती चुकली तर पुढील अभ्यासक ती सुधारतो. डिस्क चुकली तर सुधारण्यास काही उरत नाही.

दोन्ही रीती एकाच पत्त्यात एकत्र नांदल्याचे उदाहरण म्हणजे जुन्या हार्ड डिस्कवरील स्थाननिर्देशाची पद्धत. तीत स्थान तीन अंकांनी सांगत : सिलिंडर, हेड आणि सेक्टर. ह्यांपैकी सिलिंडर व हेड ० पासून मोजत, आणि सेक्टर १ पासून. त्यामुळे डिस्कवरील अगदी पहिल्या सेक्टरचा पत्ता '०, ०, १' असा होई.

दुसरे उदाहरण 'ग्रब' ह्या आज्ञावलीचे. संगणक सुरू होताच कोणती प्रणाली चालू करावयाची, हे ती ठरविते. तिच्या जुन्या आवृत्तीत डिस्क व विभाग दोन्ही ० पासून मोजत. पहिल्या डिस्कचा पहिला विभाग 'एचडी०,०' असा लिहीत. 'ग्रब २' ह्या नव्या आवृत्तीत डिस्क पूर्ववत ० पासून मोजतात, परंतु विभाग १ पासून. म्हणून तोच विभाग 'एचडी०,१' झाला. आणि जुन्या रीतीत 'एचडी०,१' ह्याचा अर्थ दुसरा विभाग असा होता! लिनक्स प्रणाली त्याच पहिल्या विभागास सामान्यतः 'एसडीए१' म्हणते. तीत डिस्कला अक्षर आणि विभागाला १ पासून अंक. जुन्या सवयीचा मनुष्य नव्या आवृत्तीपुढे बसला की काय घडू शकते, ह्याची कल्पना वाचकांस सहज येईल.

लिनक्सच्या ह्या नामपद्धतीत भाषाभ्यासकास कुतूहल वाटावे असा आणखी एक विशेष आहे. डिस्कचे नाव अक्षराने संपत असेल, तर विभागाचा अंक त्यास थेट जोडतात : 'एसडीए' व '१' मिळून 'एसडीए१'. परंतु एनव्हीएमई जातीच्या नव्या डिस्कचे नावच अंकाने संपते : 'एनव्हीएमई०एन१'. त्यास विभागाचा १ थेट जोडला तर '११' दिसेल आणि पदच्छेद करता येणार नाही. म्हणून मध्ये 'पी' हे अक्षर येते : 'एनव्हीएमई०एन१पी१'. येथे ० हा नियंत्रकाचा क्रमांक, पहिला १ त्याच्या अधीन असलेल्या संग्रहक्षेत्राचा आणि दुसरा १ विभागाचा. एकाच पदात शून्यापासूनची व एकापासूनची मोजणी शेजारी शेजारी उभी आहे.

४. खण आणि रांग

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. मोजणी कोठून सुरू होते हे कळले, तरी ती कोणत्या क्रमाने होते हा प्रश्न उरतोच. ह्या बाबतीत क्रमांकांचे दोन प्रकार मानावे लागतात. एक खणाचा क्रमांक. दुसरा रांगेतील क्रमांक. कपाटाच्या तिसऱ्या खणातील वस्तू काढून टाकली, तरी चौथा खण चौथाच राहतो. रांगेत तिसरा मनुष्य निघून गेला की, चौथा आपोआप तिसरा होतो. दोन्ही ठिकाणी आपण '४' हाच अंक वापरतो. अंकाकडे पाहून तो कोणत्या प्रकारचा आहे हे मुळीच कळत नाही.

लिनक्सच्या जुन्या पद्धतीत आयडीई जातीच्या डिस्कांची 'एचडीए', 'एचडीबी', 'एचडीसी', 'एचडीडी' ही नावे खणाची होती. पहिल्या तारपट्टीवरील दोन स्थानांस पहिली दोन नावे, दुसऱ्या तारपट्टीवरील दोन स्थानांस पुढली दोन. मधली डिस्क काढली तरी 'एचडीसी' ही 'एचडीसी'च राही. पुढे आलेली 'एसडीए', 'एसडीबी' ही नावे रांगेची आहेत. जी डिस्क प्रणालीस आधी आढळली ती 'ए', नंतरची 'बी'. अक्षरे संपली तर 'एसडीझेड' नंतर 'एसडीएए' येते. आधुनिक संगणक डिस्कांचा शोध एकाच वेळी अनेक दिशांनी घेतो. त्यामुळे काहीही न हलविता केवळ संगणक पुन्हा सुरू केला, तरी रांग बदलू शकते. विंडोजमधील डिस्क-क्रमांकही दोन आरंभांच्या दरम्यान तेच राहतील, असे गृहीत धरता येत नाही. ज्या डिस्कवर प्रणाली आहे तीच 'डिस्क ०' असेल, ही समजूतही त्यामुळे निराधार ठरते.

एकाच डिस्कच्या आत हे दोन्ही प्रकार सापडतात. जुन्या एमबीआर आखणीत मुख्य विभाग चारच असू शकतात, आणि त्यांचे १ ते ४ हे क्रमांक खणांचे असतात. चारांहून अधिक विभाग हवे असल्यास एका मुख्य विभागाच्या पोटात दुय्यम विभागांची साखळी करतात. लिनक्समध्ये त्यांचे क्रमांक ५ पासून सुरू होतात आणि ते रांगेचे असतात. पाचवा विभाग काढून टाकला की, सहावा पाचवा होतो. मुख्य विभागांपैकी दुसरा काढला, तर तिसरा मात्र तिसराच राहतो. नव्या जीपीटी आखणीत सर्वच क्रमांक खणांचे आहेत.

अक्षरांचा इतिहासही असाच आहे. १९७० च्या दशकातील सीपी/एम प्रणालीत अक्षरांची ही रीत रूढ होती; तेथून ती डॉसमध्ये आली. 'ए' व 'बी' ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली असल्यामुळे, १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत हार्ड डिस्कची सोय झाली तेव्हा तिच्या वाट्यास 'सी' हे अक्षर आले. फ्लॉपी आज व्यवहारातून गेली, पण 'सी' राहिली. अर्थ लोपून रूप उरावे, असा हा प्रकार.

डॉसमध्ये अक्षरे वाटण्याचा नियम असा होता : प्रथम प्रत्येक डिस्कवरील मुख्य विभागास अक्षर द्यावे, आणि त्यानंतर दुय्यम विभागांकडे वळावे. समजा, एकाच डिस्कवर मुख्य विभाग 'सी' आणि दुय्यम विभाग 'डी' आहे, आणि 'डी'वर आपले सर्व लेखन आहे. आता मुख्य विभाग आखलेली दुसरी डिस्क जोडली. नियमानुसार नव्या डिस्कचा मुख्य विभाग 'डी' होतो, आणि आपले लेखन असलेला विभाग 'ई' होतो. ज्याने वर्षभर 'डी म्हणजे माझे लेखन' असे घोकले, तो त्या दिवशी 'डी' उघडून चकित होतो. उलट, नवी डिस्क 'ई'च असणार असे मानून 'ई' फॉर्मॅट करणारा आपलेच लेखन पुसतो.

आजच्या विंडोजमध्ये अक्षरे अधिक स्थिर आहेत, कारण कोणत्या व्हॉल्यूमला कोणते अक्षर दिले, ह्याची नोंद प्रणाली ठेवते. परंतु ही नोंद त्या प्रणालीच्या दप्तरात असते, डिस्कवर नसते. म्हणून स्थापनेच्या किंवा दुरुस्तीच्या माध्यमावरून संगणक सुरू केला, की दप्तर बदलते आणि अक्षरेही बदलू शकतात. नित्याचा 'सी' तेथे 'डी' दिसणे ही सामान्य गोष्ट आहे. आणि फॉर्मॅट करण्याचा प्रसंग नेमका अशाच वेळी येतो.

५. सरकती पदे

आता ह्या सर्वांकडे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहू. ओटो येस्पर्सन ह्यांनी १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'लँग्वेज' ह्या ग्रंथात अशा शब्दांचा एक वर्ग मानला की, ज्यांचा निर्देश बोलण्याच्या प्रसंगानुसार सरकतो. ह्या वर्गास त्यांनी 'शिफ्टर' म्हटले, आणि १९५७ साली रोमान याकोबसन ह्यांनी ह्या कल्पनेचा विस्तार केला. 'मी', 'तू', 'येथे', 'उद्या' ही अशी पदे होत. 'उद्या' हा शब्द कागदावर लिहून ठेवला आणि तो कागद दुसऱ्या दिवशी वाचला, तर त्याचा निर्देश एक दिवस पुढे सरकलेला असतो. दुकानाच्या भिंतीवरील 'आज रोख, उद्या उधार' ह्या पाटीची गंमत ह्याच गुणधर्मावर उभी आहे.

ह्याउलट विशेषनाम सरकत नाही. जॉन स्ट्युअर्ट मिल ह्यांच्या १८४३ च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात विशेषनाम हे केवळ व्यक्तीचा निर्देश करते, गुणांचा बोध करीत नाही, असे प्रतिपादन आहे. सॉल क्रिपकी ह्यांनी १९७० च्या व्याख्यानांत ह्याच विचारास नवे रूप दिले : विशेषनामाचा निर्देश दृढ असतो, परिस्थिती बदलली तरी ते त्याच व्यक्तीस चिकटून राहते.

आता 'डिस्क २' हे पद पाहा. दिसावयास ते विशेषनामासारखे आहे : त्यात क्रियापद नाही, 'आत्ता' किंवा 'येथे' असा काळ-स्थळाचा सूचक शब्द नाही. त्यामुळे आपण त्यास 'खोली क्रमांक २' किंवा 'बस क्रमांक २' ह्यांच्या पंक्तीस बसवितो. वस्तुतः ते 'रांगेत आत्ता त्या ठिकाणी उभा असलेला' ह्या वर्णनाचे संक्षिप्त रूप होय, आणि संक्षेप करताना 'आत्ता' हा शब्द गळून पडला आहे. सर्व गोंधळाचे मूळ ह्या गळालेल्या 'आत्ता'त आहे. मी कागदावर 'डिस्क २ कोरी' असे लिहिले. 'आत्ता डिस्क २ कोरी' असे लिहिले असते, तर कदाचित माझा हात थांबला असता.

६. दृढ नावे आणि त्यांच्या मर्यादा

मग डिस्कला दृढ नाव नसतेच काय? असते, एक नव्हे, अनेक असतात. फक्त ती वेगवेगळ्या पातळ्यांवर असून त्यांचे आयुष्य सारखे नाही.

प्रत्यक्ष डिस्कला कारखान्यात अनुक्रमांक मिळतो. तो तिच्या वेष्टनावर छापलेला असतो आणि विचारल्यास डिस्क तो संगणकासही सांगते. फॉर्मॅट केल्याने तो बदलत नाही. म्हणून फॉर्मॅटच्या प्रसंगी तोच सर्वांत विश्वसनीय साक्षीदार होय. मात्र बाह्य पेटीत बसविलेल्या डिस्कच्या बाबतीत कधी कधी पेटीचाच क्रमांक संगणकास कळतो, हे ध्यानी ठेवावे.

व्हॉल्यूमला यूयूआयडी नावाचा ओळखांक असतो. त्याच्या पूर्ण रूपात १२८ द्विमान अंक असतात आणि तो षोडशमान पद्धतीतील ३२ चिन्हांनी लिहितात. तो यंत्राने यदृच्छया निवडलेला असल्यामुळे दोन व्हॉल्यूमांचा ओळखांक योगायोगाने एकच निघणे व्यवहारतः अशक्य होय. परंतु तो व्हॉल्यूमचा आहे, डिस्कचा नव्हे. फॉर्मॅट केले की जुने व्हॉल्यूम संपते आणि नव्यास नवा ओळखांक मिळतो. ह्याच्या उलट, एका डिस्कची अक्षरशः प्रतिकृती दुसरीवर उतरविली, तर ओळखांकही उतरतो आणि एका नावाच्या दोन व्यक्ती उभ्या राहतात. अशा दोन डिस्क एकदम जोडल्या असता विंडोज त्यांपैकी एकीस व्यवहारातून बाजूस ठेवते, ती ह्याच कारणाने.

तिसरे नाव म्हणजे लेबल. हे आपण स्वतः देतो. ते मनुष्यास वाचता येते, हा त्याचा मोठा गुण. त्याच्या लांबीस मात्र मर्यादा आहे. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत ३२ वर्ण चालतात. लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीत १६ बाइट. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास यूटीएफ-८ लेखनात ३ बाइट लागतात, म्हणजे १६ बाइटांत पाचच चिन्हे मावतात. आणि काना, वेलांटी ह्यांची गणना स्वतंत्र चिन्हे म्हणून होते. परिणामी 'कोकणी' हे लेबल १५ बाइटांत बसते, परंतु 'मालवणी' ह्यास १८ लागतात आणि ते बसत नाही!

आकारावरून डिस्क ओळखण्याचा प्रघात आहे, त्याविषयी दोन शब्द. १ टेराबाइटची म्हणून विकत घेतलेली डिस्क विंडोजच्या यादीत सुमारे ९३१ गिगाबाइटची दिसते. उत्पादक १,००० च्या पटीत मोजतो व विंडोज १,०२४ च्या पटीत, एवढाच त्याचा अर्थ. आकार हा गुण आहे, नाव नव्हे. दोन डिस्कांचा आकार सारखा असला, की ही खूण संपते. माझ्या प्रसंगी नेमके हेच झाले होते.

७. व्याख्यानावाचून संदेह

नामांची संदिग्धता परंपरेस अज्ञात नव्हती. पाणिनीच्या वर्णसूत्रांत ण् हा अनुबंध दोनदा येतो : पहिल्या सूत्राच्या अंती आणि सहाव्या सूत्राच्या अंती. त्यामुळे 'अण्' हा प्रत्याहार पहिल्या ण् पर्यंतचा समजावा की दुसऱ्या, असा संदेह उत्पन्न होतो. पतंजलीने महाभाष्यात ह्याची चर्चा केली आहे. एक स्थळ वगळता 'अण्' हा पहिल्या ण् पर्यंतचा, आणि 'इण्' हा सर्वत्र दुसऱ्या ण् पर्यंतचा, असा निर्णय परंपरेने केला. संदेह उत्पन्न झाला म्हणून सूत्र टाकून द्यावयाचे नाही, व्याख्यानाने विशेष अर्थ ठरवावयाचा, अशी तिची भूमिका आहे.

ह्या तुलनेतून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. पाणिनीच्या सूत्राचा श्रोता विचार करणारा आहे. संदिग्ध पद आले की तो थांबतो आणि प्रसंग पाहतो. यंत्रास संदेह होत नाही. 'डिस्क २' म्हटले की त्या क्षणी यादीत त्या क्रमांकाने जे असेल ते त्यास पुरते. वक्त्याच्या मनात दुसरेच काही असेल, ही शंका त्यास शिवत नाही. म्हणून व्याख्यानाचे संपूर्ण ओझे आज्ञा देणाऱ्यावर येते.

आज्ञावली रचणाऱ्यांनी हे कोठे कोठे ओळखले आहे. विंडोजमध्ये लिखित आज्ञेने हार्ड डिस्कवरील व्हॉल्यूम फॉर्मॅट करू लागल्यास, त्याचे सध्याचे लेबल लिहून दाखविण्यास सांगितले जाते. ही मागणी अर्थपूर्ण आहे : 'तू अक्षराने ज्याचा निर्देश केलास, त्यास नावानेही हाक मार' असे यंत्र म्हणते. सरकते पद आणि दृढ नाव ही जुळली, तरच काम पुढे जाते. परंतु डिस्कपार्टमधील 'क्लीन' ही आज्ञा असे काहीच विचारत नाही. निवडलेल्या डिस्कची आखणी ती तत्काळ पुसते. लिनक्समधील 'डीडी' ही आज्ञाही तशीच निःशंक आहे.

८. व्यवहार

ह्या विवेचनातून जे नियम निघतात, ते विभागातील संशोधक विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी येथे देतो.

पहिला नियम : डिस्कचा क्रमांक कागदावर लिहून ठेवू नये. लिहावयाचा तर अनुक्रमांक लिहावा. रांगेतील क्रमांक ज्या बैठकीत वाचला त्याच बैठकीत वापरावा. मध्ये संगणक बंद झाला, किंवा एखादी डिस्क काढली वा जोडली, तर तो रद्द समजावा.

दुसरा नियम : निवड केल्यानंतर आणि पुसण्यापूर्वी, निवडलेल्या वस्तूस तिची ओळख विचारावी. डिस्कपार्टमध्ये 'डिटेल डिस्क' ही आज्ञा निवडलेल्या डिस्कची बनावट व तिच्यावरील व्हॉल्यूमांची लेबले दाखविते. पॉवरशेलमधील 'गेट-डिस्क' ही आज्ञा क्रमांकाशेजारी अनुक्रमांकही देते. लिनक्समध्ये अनुक्रमांक, लेबल आणि यूयूआयडी ह्यांनुसार लावलेल्या स्वतंत्र याद्या असून, प्रत्येक दृढ नावापुढे त्याचे आजचे सरकते नाव दिलेले असते. तो एक प्रकारचा कोशच आहे. त्याचा उपयोग करावा.

तिसरा नियम : लेबले आधी द्यावीत, सामग्री मागाहून भरावी. निनावी डिस्कांच्या गर्दीत अपघात हटकून होतात.

चौथा नियम, आणि तो सर्वांत सोपा : जी डिस्क पुसावयाची नाही, ती जोडूच नये. रांगेत जो उभाच नाही, त्याचा क्रमांक चुकून लागण्याचा संभव नाही. त्या सायंकाळी फॉर्मॅट करण्यापूर्वी मी ध्वनिमुद्रणांची तार काढून ठेवली असती, तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

चुकीचे फॉर्मॅट झाल्यास सामग्री परत मिळते काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. जलद फॉर्मॅटमध्ये केवळ नवी अनुक्रमणिका मांडली जाते आणि जुनी सामग्री काही काळ जागेवर असते. तेव्हा डिस्कवर आणखी काहीही न लिहिता ती तत्काळ जाणकाराकडे द्यावी. संपूर्ण फॉर्मॅटमध्ये मात्र विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, सर्वत्र शून्ये लिहिली जातात आणि आशा उरत नाही. एसएसडी जातीच्या डिस्कांत तर जलद फॉर्मॅटनंतरही, मोकळी झालेली जागा डिस्क स्वतःच पुसून टाकण्याचा संभव असतो.

विभागातील प्रत्येक डिस्कवर आता कागदी पट्टी चिकटविलेली आहे. तीवर तिचा अनुक्रमांक, लेबल आणि आत असलेल्या बोलीचे नाव लिहिले आहे. रांगेतील क्रमांक कोठेही लिहिलेला नाही. ज्या बाईंचे कथन गेले, त्यांच्या बोलण्यातील काही रूपे माझ्या क्षेत्रीय वहीत हाताने उतरविलेली आहेत, तेवढी उरली. त्या वहीच्या प्रत्येक पानाच्या शिरोभागी निवेदकाचे नाव, गाव आणि तारीख आहे. 'निवेदक २' असे एकाही पानावर नाही. माणसांची नोंद करताना ही खबरदारी आपण प्रथमवर्षापासून शिकवीत आलो आहोत. तीच डिस्कांच्या बाबतीत पाळावयाची, एवढेच ह्या लेखाचे तात्पर्य होय.